विक्रीस निघालेले त्रिकोणी घर : एका अमेरिकन वास्तुरूपाचा विचार

विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत बांधलेले एखादे ‘ए-फ्रेम’ घर आज विक्रीस निघाले, की ते ‘अनोखे’ म्हणून वर्णिले जाते. पाहावयास येणाऱ्या ग्राहकासही ते तसेच भासते. कारण आढ्यापासून थेट जमिनीपर्यंत उतरणारी दोन छपरे याच त्याच्या भिंती असतात. इतिहासाच्या दृष्टीने मात्र हे विशेषण फसवे आहे. एके काळी ही घरे छापील नकाशांवरून, एकाच साच्यातून, मोठ्या संख्येने उभी राहिली. जे सर्वांसाठी म्हणून निर्माण झाले, ते अपवादात्मक कसे ठरले, हाच येथे विचारार्ह प्रश्न होय.

या घराची रचना रोमन लिपीतील ‘ए’ या अक्षरासारखी आहे. दोन तिरपे वासे वर आढ्यापाशी मिळतात, खाली जमिनीच्या तुळईने बांधले जातात आणि मध्ये माळ्याची आडवी तुळई त्यांना जोडते. त्रिकोण हा स्वभावतःच दृढ असल्याने निराळ्या खांबांची गरज उरत नाही. अशा कैच्या ठरावीक अंतराने उभ्या केल्या की घराचा सांगाडा सिद्ध होतो. तीव्र उतारावर बर्फ साचून राहत नाही, हा त्याचा आणखी एक गुण.

या रूपाची प्राचीन उदाहरणे शोधण्याचा मोह अनेकांस होतो. जपानमधील शिराकावा-गो येथील ‘गाश्शो’ पद्धतीची घरे त्यासाठी नेहमी पुढे केली जातात. जोडलेल्या हातांवरून त्यांना हे नाव मिळाले असून 1995 मध्ये त्यांचा जागतिक वारशात समावेश झाला. तथापि हे साम्य वरवरचे आहे. त्या घरांचे गवती छप्पर तळमजल्याच्या भिंतींवर उभे असते आणि छपराखालचे माळे रेशीमकिडे पाळण्यासाठी वापरले जात. ते श्रमाचे घर होते. अमेरिकन ए-फ्रेम हे विश्रांतीचे घर होय. आकार समान असला तरी प्रयोजन समान असतेच असे नाही.

आधुनिक ए-फ्रेमचा आरंभ सामान्यतः रुडॉल्फ शिंडलर याने 1934 मध्ये गिसेला बेनाटी यांच्यासाठी कॅलिफोर्नियातील लेक ॲरोहेड येथे योजलेल्या घरापासून मानतात. त्या वसाहतीत ‘नॉर्मन’ शैलीचे बंधन होते. उंच उतरते छप्पर या शैलीत बसते, असे पटवून शिंडलरने आपली आधुनिक कल्पना नियमाच्या चौकटीतच साकार केली. परंतु तिचा प्रसार होण्यास महायुद्धोत्तर काळ उजाडावा लागला. जॉन कार्डेन कॅम्पबेल याचे ‘लेझर हाउस’ 1951 मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील कलामहोत्सवात मांडले गेले. अँड्र्यू गेलर याने लाँग आयलंडवर 1955 मध्ये बांधलेल्या रीस यांच्या घरास 1957 मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये स्थान मिळाले.

या प्रसारामागे केवळ अभिरुची नव्हती. वेतनासह रजा, मोटारगाडी आणि 1956 च्या कायद्याने हाती घेतलेले 41,000 मैलांच्या महामार्गांचे जाळे यांमुळे डोंगर व समुद्रकिनारे शहरांच्या जवळ आले. दुसरीकडे, प्लायवुडच्या उत्पादकांना नवी बाजारपेठ हवी होती. डग्लस फर प्लायवुड असोसिएशन या त्यांच्या संघटनेने सुटीतील घरांच्या नकाशांचा प्रचार केला. ‘स्वतःच्या हातांनी बांधा’ हा उपदेश मालाच्या खपासही पोषक होता.

विक्रीस असलेल्या घरात फिरताना या साऱ्याचे पुरावे सापडतात. स्वयंपाकाची जागा लहान, कारण मुक्काम अल्पकाळचा. दर्शनी बाजूस काच आढ्यापर्यंत भिडलेली, कारण देखावा हाच मुख्य लाभ. शिडीवजा जिना माळ्यावर नेतो; उष्ण हवा तेथे साठते आणि खाली थंडी राहते. रचनेचा दोष गणितानेही दाखविता येतो. पाया 24 फूट रुंद व छपराचा कोन 60 अंश धरल्यास, सहा फूट उंचीचा मनुष्य सुमारे 17 फूट रुंदीतच ताठ उभा राहू शकतो. उरलेले सुमारे सात फूट, म्हणजे जमिनीचा चतुर्थांशाहून अधिक भाग, सामान ठेवण्यापुरताच उपयोगी. कमी खर्चाचे म्हणून गाजलेल्या या घराची ही न सांगितलेली किंमत होती.

परंतु काही गोष्टी घर पाहून कळत नाहीत. वंशावरून मालकी नाकारणारे करार न्यायालयांना अमलात आणता येणार नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 1948 मध्ये दिला. तरीही घरविक्रीतील वांशिक भेदभावास संघराज्याच्या कायद्याने व्यापक बंदी केली ती 1968 मध्ये. म्हणजे ए-फ्रेमच्या भरभराटीचा बहुतेक काळ या दोन वर्षांच्या दरम्यानचा आहे. ‘सर्वसामान्यांचे दुसरे घर’ या कल्पनेत सर्वसामान्य कोण, हा प्रश्न म्हणूनच टाळता येत नाही. ज्यांना पहिलेच घर मनाजोगत्या ठिकाणी विकत घेता येत नव्हते, त्यांच्यासाठी दुसऱ्या घराची सुबकता कोरडीच होती.

1960 च्या दशकात हाच आकार चर्चनी आणि ‘वीनरश्निट्झेल’सारख्या खाद्यगृहांनीही उचलला. अतिपरिचयाने त्याचे नावीन्य ओसरले आणि 1970 च्या दशकात त्याची चलती संपली. आज त्यास पुन्हा ग्राहक मिळत आहेत. नवा मालक छपरात खिडक्या काढतो, उष्णतारोधक थर घालतो, स्वयंपाकघर वाढवितो. राहण्याच्या दृष्टीने हे योग्यच आहे. पण त्यामुळे सुटीपुरत्या वास्तव्याच्या खुणा पुसल्या जातात. राजवाडे व मंदिरे यांची नोंद करणारे पुष्कळ असतात. छापील नकाशावरून बांधलेल्या साध्या घराची नोंद सहसा कोणी ठेवीत नाही. म्हणून असे घर हस्तांतरित होण्यापूर्वी त्याची मापे, साहित्य आणि मालकीचे कागद नोंदविणे हे सामाजिक इतिहासाचे काम ठरते. जाहिरातीतील ‘अनोखे’ या शब्दापेक्षा त्या कागदांतून त्या घराचा खरा काळ अधिक स्पष्ट बोलतो.