वही आपली, किल्ली कुणाची?

नायगावात वाढलेल्या माझ्या पिढीला ‘मोठे यंत्र’ म्हणजे काय ते समजावून सांगावे लागत नसे. आजूबाजूला गिरण्याच होत्या. जुन्या काळी गिरणीत वाफेचे एकच अवाढव्य इंजिन असे आणि त्यावरून निघालेल्या दांड्या-पट्ट्यांवर शेकडो माग फिरत, असे वडीलधारी मंडळी सांगत. संगणकांच्या दुनियेतला मेनफ्रेम हा या इंजिनाचा चुलतभाऊ म्हणायला हरकत नाही. हवामानाची किचकट गणिते सोडवणारा महासंगणक वेगळा. मेनफ्रेमचे काम कारकुनी आहे, पण प्रचंड. लाखो खाती, पॉलिसी, तिकिटे आणि पगारपत्रके न थकता आणि न चुकता सांभाळायची, हे त्याचे ब्रीद.

पण इंजिन कितीही दणकट असले तरी हिशेब राहतो वहीत. संगणकातल्या या वहीला डेटाबेस म्हणतात. ती कशी असते हे पाहायचे तर आमच्या नायगावातल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचे उदाहरण घेऊ. १८९८ साली स्थापन झालेली ही संस्था. अशा ग्रंथालयात कार्डांचे खण असतात. लेखकाच्या नावाने शोधायचे तर एक खण, विषयाने शोधायचे तर दुसरा. ज्या क्रमाने कार्डे लावली असतील त्याच वाटेने पुस्तकापर्यंत जाता येते. मेनफ्रेमवरचे सुरुवातीचे डेटाबेस असेच होते. अपोलो चांद्रयानाच्या असंख्य सुट्या भागांची यादी ठेवण्यासाठी १९६०च्या दशकात आयबीएमने तयार केलेली ‘आयएमएस’ ही व्यवस्था त्यातलीच. १९७० साली आयबीएमच्याच एडगर कॉड या गणितज्ञाने वेगळी कल्पना मांडली. माहिती साध्या तक्त्यांत ठेवा आणि कुठूनही कोणताही प्रश्न विचारा; वाट शोधण्याचे काम यंत्र करील. आजचे बहुतेक हिशेब याच कल्पनेवर उभे आहेत.

मुंबईला ही यंत्रे लवकर दिसली. १९६१ साली एसो या तेल कंपनीच्या कचेरीत आयबीएमचा १४०१ हा संगणक आला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने ‘टिफ्रॅक’ हा संगणक स्वतः बांधला होताच. १९६४ साली तिथे सीडीसी ३६०० हे बडे यंत्रही आले. कारकुनांच्या नोकऱ्यांचे काय, या प्रश्नावर तेव्हा कामगार संघटना रस्त्यावर उतरल्या. अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने स्वयंचलनावर समितीही नेमली. प्रश्न रास्त होता. पण दुसरा एक प्रश्न त्या गदारोळात कुणी फारसा विचारला नाही: या यंत्रातल्या वहीची किल्ली कुणाकडे राहणार?

त्याची जाणीव १९७८ साली झाली. परकीय चलन नियमन कायद्यानुसार परदेशी भांडवलाचा वाटा चाळीस टक्क्यांवर आणण्याची अट आयबीएमने मानली नाही आणि भारतातला गाशा गुंडाळला. अनेक कचेऱ्यांत या कंपनीची यंत्रे भाड्याने होती. त्यांची देखभाल १९७५ साली स्थापन झालेल्या सीएमसी या सरकारी कंपनीने अंगावर घेतली आणि आपल्या इंजिनियरांनी ती निभावली. पण ज्याच्यावर रोजचा व्यवहार चालतो त्याचा कर्ताकरविता उठून जाऊ शकतो, हा धडा त्या वर्षाने दिला.

गंमत अशी, की सुरुवातीला असे कुलूप नव्हतेच. १९५५ साली अमेरिकेत आयबीएमच्या ग्राहकांनी ‘शेअर’ नावाचा गट स्थापला. एकाने लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्याला द्यायचा, दुसऱ्याने सुधारून परत करायचा, असा मामला. यंत्राच्या भाड्यातच सॉफ्टवेअर येई आणि त्याचा मूळ मजकूर, म्हणजे सोर्स कोड, वाचायलाही मिळे. १९६९ साली आयबीएमने सॉफ्टवेअरची वेगळी किंमत लावण्याचे जाहीर केले. १९८३ साली तर सोर्स कोड न देता फक्त यंत्राला कळणारा कोड देण्याचे धोरण आले. वाण्याने पीठ द्यावे, पण गहू कोणता ते सांगू नये, तशातली गत.

मी ज्या कचेरीच्या संगणक विभागात उमेदवारी केली, तिथे याचा अर्थ रोज कळे. माहिती आमची, टेप आमच्या, कपाटेही आमची. पण ती वाचणाऱ्या प्रोग्रामचा परवाना वर्षाच्या वर्षाला नवा करावा लागे आणि रक्कम विक्रेता ठरवी. घासाघीस करायला वाव नसे, कारण दुसरीकडे जायचे तर सगळी वही नव्याने लिहावी लागली असती.

हे कुलूप सैल करणारी हालचाल विद्यापीठांत झाली. कॉडच्या कल्पनेवर मायकेल स्टोनब्रेकर आणि युजीन वाँग यांनी कॅलिफोर्नियातील बर्कली येथे १९७३च्या सुमारास ‘इन्ग्रेस’ हा डेटाबेस बांधायला घेतला आणि त्याचा सोर्स कोड इतरांना दिला. १९८६ साली त्याचा वारसदार ‘पोस्टग्रेस’ सुरू झाला. १९९६ साली तो ‘पोस्टग्रेएसक्यूएल’ या नावाने जगभरच्या स्वयंसेवकांच्या हाती आला. कुणीही वापरावा, बदलावा, वाटावा. परवान्याची रक्कम शून्य. मात्र तो धावे लहान यंत्रांवर. मेनफ्रेमचे दार उघडले ते लिनक्समुळे. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्सने सुरू केलेली ही मुक्त यंत्रणा मेनफ्रेमवर चालवण्यासाठीचा कोड आयबीएमनेच १९९९च्या डिसेंबरात खुला केला. पुढच्याच वर्षी फक्त लिनक्ससाठी राखीव असा स्वस्त प्रोसेसरही देऊ केला. ज्या घराने खिडक्या बंद केल्या होत्या, त्याच घराने त्या उघडल्या.

नव्या घरात वही हलवणे मात्र पोते उचलून ठेवण्याइतके सोपे नसते. इंग्रजीतला मोठा ‘ए’ मेनफ्रेमच्या जुन्या संकेतात १९३ या आकड्याने लिहितात, लिनक्सवर ६५ने. शिवाय आकड्यांचा क्रम. आपण ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी उच्चारतो, लिहिताना मात्र दोन आधी. यंत्रांमध्येही असे दोन पंथ आहेत. मेनफ्रेम मोठे टोक आधी ठेवतो, घरगुती संगणक लहान टोक. त्यामुळे पोस्टग्रेएसक्यूएलच्या फायली एका यंत्रावरून उचलून दुसऱ्यावर ठेवल्या तर चालत नाहीत. सगळा मजकूर साध्या आज्ञांच्या रूपात बाहेर काढायचा आणि नव्या जागी पुन्हा भरायचा. पण इथेच खरी मेख आहे. वही अशी पूर्ण बाहेर काढता येते, कुणाची परवानगी न घेता.

मराठी माणसाला आणखी एक लाभ. ऐंशी रकान्यांच्या छिद्रकार्डावर आपली नावे इंग्रजी अक्षरांत कोंबली जात. ‘काळे’ आणि ‘काले’ तिथे एक होत. १९९१ साली युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी आली आणि हे मुक्त डेटाबेस युनिकोड जाणतात. मेनफ्रेमवरच्या लिनक्समध्ये ‘काळे’ ‘काळे’च राहतात.

याचा अर्थ सगळे फुकट झाले असा नव्हे. यंत्र महागच आहे आणि बनवणारी मुख्य कंपनी अजून तीच. जुने डेटाबेस आपल्या जागी आहेत. मुक्त डेटाबेस बहुधा त्यांच्या शेजारी नव्या कामासाठी बसतो. परवान्याचे पैसे वाचले तरी जाणती माणसे पोसावी लागतात. पण तो खर्च आपल्याच मुलामुलींच्या ज्ञानावर होतो. पोस्टग्रेएसक्यूएलवर काम करणाऱ्या एंटरप्राइझडीबी या कंपनीचे केंद्र पुण्यात आहे. २०१५ साली केंद्र सरकारने मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देणारे धोरण आखले आणि त्याच वर्षी आयबीएमने केवळ लिनक्सवर चालणारे ‘लिनक्सवन’ हे मेनफ्रेम बाजारात आणले. त्यावरच्या डेटाबेसच्या यादीत पोस्टग्रेएसक्यूएल होतेच.

आपले पैसे, आपली पेन्शन, आपल्या जमिनीचा उतारा कुठल्या ना कुठल्या यंत्रातल्या वहीत आहे. ते यंत्र देशी की परदेशी यावर आपण पुष्कळ वाद घालतो. त्याआधी एक साधा प्रश्न विचारायला हवा: यंत्र देणारा उद्या उठून गेला, तर आपली वही आपल्याला उघडता येईल का? १९७८ साली तो प्रश्न दारात येऊन उभा राहिला, तेव्हा आपल्या इंजिनियरांनी वेळ मारून नेली. आता उत्तर आधीच तयार ठेवण्याची सोय आहे.