जंगलाच्या पैशात बायकांचा शब्द

सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरीच्या बायकांना सरपणाच्या मोळीचं ओझं सांगायला नको. आज त्या मोळीमागचा इतिहास बघू.

इंग्रजांनी 1878 च्या कायद्यानं जंगलं राखीव केली. आपल्या पणज्या जिथून लाकूडफाटा, मोह, डिंक आणायच्या, तिथं पाऊल टाकायलाही परवानगी लागू लागली. स्वातंत्र्यानंतरही वनखातं एकीकडे आणि गाव दुसरीकडे, असंच बरीच वर्षं चाललं. त्यात झाडं मात्र कमी होत गेली.

पश्चिम बंगालमध्ये अराबारी इथं 1972 च्या सुमारास वेगळी वाट निघाली. गावानं जंगल राखायचं आणि उत्पन्नातला चौथा वाटा घ्यायचा. पुढे 1988 च्या राष्ट्रीय वन धोरणानं लोकांना, त्यातही बायकांना, सोबत घ्यायला सांगितलं. 1 जून 1990 ला केंद्राचं परिपत्रक आलं आणि 16 मार्च 1992 ला महाराष्ट्र शासनानं संयुक्त वन व्यवस्थापनाचा निर्णय काढला. जमीन सरकारची, राखण गावाची. गावोगावी वन समित्या झाल्या. राष्ट्रीय वनीकरण कार्यक्रमाचा पैसाही याच समित्यांमार्फत खर्च होऊ लागला.

रोपं जगायची तर कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी हवीच. पण बंदी ठरायची पुरुषांच्या बैठकीत, आणि चूल पेटवायची बाईनं! जवळचं रान बंद झालं की तिची पायपीट वाढायची. म्हणून 2000 साली केंद्रानं सूचना दिली, की समितीच्या सभासदांत निम्म्या बायका असाव्यात आणि कार्यकारिणीत किमान 33 टक्के.

सूचना कागदावर आली, पण बैठकीत आली का? आमच्या एका गटातल्या ताईंचं नाव समितीच्या यादीत होतं. त्यांना ते कळलं तीन वर्षांनी!

आता पैसा आणखी मोठा झाला आहे. रस्ते, खाणी, धरणांसाठी वनजमीन दिली, की भरपाईची रक्कम वनीकरणासाठी जमा होते. त्यासाठी 2016 साली कायदा झाला. 2019 मध्ये या निधीतून केंद्रानं महाराष्ट्राला सुमारे 3,844 कोटी रुपये दिले. या कामांत ग्रामसभेशी सल्लामसलत करावी, असं 2018 चे नियम सांगतात. शिवाय 2006 च्या वनहक्क कायद्यानं सामूहिक वनहक्क दिले. ते मिळाले, तर ते जंगल राखायचा अधिकार ग्रामसभेचाच.

म्हणून येत्या ग्रामसभेत गटानं मिळून तीन गोष्टी विचारा. समितीत कोणकोणत्या बायकांची नावं आहेत? आराखडा आणि खर्च वाचून दाखवाल का? आणि रान बंद केलं, तर सरपण, चारा कुठून आणायचा? मोहाचं, हिरड्याचं झाड लावायचं की नुसता साग, हेही तिथंच बोला.

मोळी आपल्या डोक्यावर आहे, तर आराखड्यात शब्दही आपला हवा.