मदुरा पाऊल: काट्यापासून हाडापर्यंत

काटा रुतल्यावर मातीतली बुरशी किंवा जीवाणू पायात शिरतात, वर्षानुवर्षे कातडीखाली वाढतात आणि शेवटी हाडे व सांधे पोखरतात. या रोगाचे नाव मायसेटोमा. पाऊल सुजते, पण फारसे दुखत नाही. घात होतो तो इथेच, कारण माणूस तशाच पायाने शेतात जात राहतो. पुढे गाठींना तोंडे फुटून पुवाबरोबर काळे किंवा फिकट बारीक दाणे बाहेर पडतात. घाटंजीसारख्या कापसाच्या तालुक्यात निंदणाला, वेचणीला किंवा पऱ्हाट्या उपटायला अनवाणी उतरणाऱ्याच्या पायात बाभळीचा काटा मोडणे नवलाचे नाही. रोगाची सुरुवात होते ती अशाच जखमेतून.

वारुळासारख्या, अनेक तोंडांच्या सुजेचे वर्णन सुश्रुतसंहितेतही आहे. १८४२ मध्ये मदुरेच्या दवाखान्यातून गिल यांनी या पायाची नोंद केली आणि ‘मदुरा फूट’ हे नाव रूढ झाले. मात्र खरा उलगडा झाला मुंबईत. ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ या शरीरशास्त्राच्या ग्रंथाची चित्रे काढणारे हेन्री व्हॅनडाइक कार्टर १८५८ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीरशास्त्र शिकवायला आले. त्या काळी अशा पायावर इलाज एकच, तो कापून टाकणे. कापलेली पावले कार्टर उभी चिरून पाहत. हाडांत जागोजागी पोकळ्या आणि त्यांत ठासून भरलेले दाणे त्यांना दिसले. १८६० मध्ये त्यांनी हा बुरशीचा रोग असल्याचे मांडले, ‘मायसेटोमा’ हे नावही त्यांनीच दिले. पुढे काही वर्षे ते साताऱ्याला सिव्हिल सर्जन होते. १८७४ मध्ये या रोगावरचा त्यांचा सचित्र ग्रंथ निघाला.

कापलेल्या पायाच्या नमुन्यावर उगवलेली एक तांबूस बुरशी कार्टर यांनी रोगाचे मूळ मानली. ती बाहेरून आलेली निघाली. काळ्या दाण्यांचा आणि फिकट दाण्यांचा असे त्यांनी केलेले दोन प्रकार मात्र टिकले, आणि तेच अधिक मोलाचे ठरले. काळे दाणे बुरशीचे असतात. फिकट दाण्यांमागे अनेकदा बुरशीसारखे तंतू काढणारे जीवाणू असतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा भेद पक्का झाला. उपचार त्यावरच ठरतात. जीवाणूंचा प्रकार प्रतिजैविकांना बऱ्यापैकी दाद देतो. बुरशीच्या प्रकारात इट्राकोनॅझोल हे बुरशीनाशक औषध वर्षभर किंवा त्याहूनही जास्त काळ घ्यावे लागते, जोडीला शस्त्रक्रिया असते, आणि हाडात मुरलेला रोग अनेकदा पुन्हा उलटतो. २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मायसेटोमाला दुर्लक्षित रोगांच्या यादीत घेतले. उशिरा आलेल्या रुग्णाचा पाय आजही कधी कधी कापावा लागतो.