कमांड लाइनवरील स्वयंचलित चाचणी : निकालाच्या संकेतांचा इतिहास

प्रस्तावना :
संगणकीय आज्ञावलीची चाचणी माणसाऐवजी दुसरी आज्ञावली घेऊ लागली, तेव्हा 'निकाल कसा कळवावा' हा प्रश्न मूलभूत ठरला. प्रस्तुत लेखात युनिक्स परंपरेने या प्रश्नाला दिलेल्या उत्तरांचा आढावा घेतला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ साली युनिक्सच्या विकासास प्रारंभ झाला. या प्रणालीत प्रत्येक आज्ञावली संपताना एक अंक मागे ठेवते. शून्य म्हणजे यश. अन्य कोणताही अंक म्हणजे अपयश. १९७६ साली स्टुअर्ट फेल्डमन यांनी तेथेच 'मेक' हे साधन निर्माण केले. एखादी पायरी फसल्यास हा अंक पाहून 'मेक' सामान्यतः पुढील काम थांबवते. त्यामुळे 'मेक टेस्ट' एवढ्या आज्ञेने संपूर्ण चाचणीमाला चालविण्याची प्रथा पुढे रूढ झाली.

पर्ल भाषेचे योगदान :
लॅरी वॉल यांनी १९८७ साली पर्ल भाषेची पहिली आवृत्ती चाचण्यांसह प्रसिद्ध केली. प्रत्येक चाचणी-आज्ञावली आरंभीच '१..४' अशा स्वरूपात चाचण्यांची संख्या घोषित करी. नंतर प्रत्येक चाचणीसाठी 'ओके' अथवा 'नॉट ओके' अशी क्रमांकित ओळ छापी. संख्या आधीच जाहीर असल्याने आज्ञावली मध्येच बंद पडली तरी उणीव उघड होई. मौनाला यश मानले जात नसे, हे या पद्धतीचे मर्म होय. पुढे 'टेस्ट एनीथिंग प्रोटोकॉल' या नावाने ती इतर भाषांतही पोहोचली.

संकेतांची मर्यादा :
शेलमध्ये 'पाइप'ने जोडलेल्या आज्ञांपैकी सामान्यतः केवळ शेवटच्या आज्ञेचा अंक ग्राह्य धरला जातो. चाचणीचा निकाल 'टी' आज्ञेद्वारे फाइलमध्ये जतन केला, तर चाचणी फसूनही शून्यच हाती येऊ शकते. कारण फाइल लिहिण्याचे काम यशस्वी झालेले असते. २००४ साली बॅशच्या ३.० आवृत्तीने 'पाइपफेल' हा पर्याय देऊन यावर उपाय केला. पॉसिक्स मानकात त्याचा समावेश २०२४ साली झाला.

निष्कर्ष :
आज चाचण्या बहुधा दूरच्या सर्व्हरवर, कोणी पाहत नसताना चालतात आणि त्यांच्या निकालावर आज्ञावली वापरात आणण्याचा निर्णय होतो. अशा वेळी चाचण्यांच्या संख्येइतकेच महत्त्व अपयश न लपविणाऱ्या संकेतांना आहे. चाचणी यशस्वी होणे आणि चाचणी झालीच नसणे यांतील भेद यंत्राला आपोआप कळत नाही. तो माणसाला संकेताद्वारे शिकवावा लागला, हेच या इतिहासावरून स्पष्ट होते.