माघारीच्या अर्जावर न दिसणारी भीती

निवडणुकीचा इतिहास लिहिताना आपण जिंकलं कोण, मतं किती पडली, एवढंच शोधतो. उमेदवाराला दिलेल्या धमक्या, शिवीगाळ, घरच्यांवर आणलेला दबाव हे निकालपत्रकात सापडत नाही.

कायद्याला मात्र हे फार आधी कळलं होतं. १९२० साली भारतीय दंड संहितेत निवडणूक-गुन्ह्यांचं प्रकरण घातलं गेलं. तेव्हा आपलं लोधीखेडा मध्य प्रांत-वऱ्हाडात होतं, राजधानी नागपूर. त्या कायद्यात निवडणुकीचा हक्क म्हणजे नुसतं मतदान नव्हे. उभं राहणं, न राहणं आणि माघार घेणं हेही हक्कच. उमेदवाराला किंवा त्याच्या जवळच्या माणसाला इजेची धमकी दिली तर एक वर्षापर्यंत कैद. दैवी कोपाची भीती घालणंसुद्धा त्यात येतं. आज हीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम १७१ मध्ये आहे.

त्याच वर्षी, सप्टेंबरात, कलकत्त्याच्या विशेष अधिवेशनात काँग्रेसने कौन्सिलच्या उमेदवारांना माघार घ्यायला सांगितलं. ती तत्त्वाची माघार होती. पण कागदावर तत्त्वाची माघार आणि भीतीची माघार सारखीच दिसते. अर्जात कारणाचा रकानाच नसतो!

भीतीचा माग कधी कधी उलट बाजूने लागतो. परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा ५ जून १९७० रोजी लालबागमध्ये खून झाला. पाच महिन्यांच्या आत पोटनिवडणूक लागली आणि त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई उभ्या राहिल्या. नवऱ्याचा खून झाला त्याच गिरणगावात त्यांना मतं मागायची होती. शिवसेनेचे वामनराव महाडिक १,६७९ मतांनी जिंकले. ते सेनेचे पहिले आमदार. आकडा सगळ्यांना ठाऊक असतो. अर्ज भरण्यामागची हिंमत कुठल्याच तक्त्यात नाही.

आपल्याकडे ७३ व्या घटनादुरुस्तीनंतरच्या पंचायत निवडणुका १९९४ साली झाल्या. सौंसर-पांढुर्णा भागातल्या त्या पिढीच्या उमेदवार बायका आज साठी-सत्तरीत आहेत. अर्ज भरल्यावर घरी कोण आलं, काय बोललं, भिंतीवर काय लिहिलं गेलं, हे त्यांनाच ठाऊक. ‘बिनविरोध’ असं लिहिलेलं दिसलं, की एकोपा समजून पुढे जाऊ नये. कोणी अर्ज भरला होता आणि कोणी परत घेतला, हे आधी विचारावं. त्या आहेत तोवर विचारलं पाहिजे, नाहीतर आपल्याकडे उरतील फक्त मतांचे आकडे.