शाळा नक्की कुणाची? बोटावरची शाई आणि गणिताचा रिकामा तास

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठी नेहमीसारखा हा या भागाचा मजकूर. बोलताना जिथे अडखळलो ते काढलंय, बाकी तसंच ठेवलंय.

ऑक्टोबर २०११. मी नववीत होतो, निमगाव केतकीत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: इंदापूर तालुका, बारामतीहून इंदापूरला जाताना लागणारं, पानमळ्यांचं गाव. तुकोबांची पालखी मुक्कामाला थांबते ते. तर त्या दिवशी वर्गात तीन अनोळखी माणसं आली. आमच्या सरांना बाजूला बसवलं, एकेकाला नावाने उभं केलं आणि प्रत्येकाच्या बोटाला शाई लावली. मतदानाला लावतात तीच. आम्हाला भारी वाटलं. दोन दिवस बोट दाखवत हिंडलो. घरी आप्पांनी विचारलं, "आरं, कुणाला मत दिऊन आलास?"

ती होती पटपडताळणी. ३ ते ५ ऑक्टोबर, सगळ्या महाराष्ट्रात एकाच वेळी. शाई अशासाठी, की एकच पोरगं सकाळी एका शाळेत आणि दुपारी दुसऱ्या शाळेत मोजलं जाऊ नये. याआधी नांदेडला तेव्हाचे जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी अशी मोजणी केली होती आणि हजेरीपटावरची बरीच पोरं कागदावरचीच निघाली होती. राज्यभरात हा आकडा वीस लाखांच्या आसपास गेला. म्हणजे एवढी नावं पटावर होती, पण वर्गात पोरं नव्हती.

आता मला सांगा, कागदावर पोरं वाढवून कुणाला काय मिळतं? इथूनच आजचा विषय सुरू होतो.

माझी शाळा अनुदानित होती. म्हणजे चालवायची एका शिक्षणसंस्थेने, पगार द्यायचा सरकारने. महाराष्ट्रातली बहुतेक मराठी हायस्कुलं अशीच. पोरांच्या संख्येवरून शिक्षकांच्या किती जागा मंजूर हे ठरतं, त्याला संच मान्यता म्हणतात. पोरं जास्त, तर तुकड्या जास्त. तुकड्या जास्त, तर शिक्षक जास्त. आणि शिक्षक जास्त, तर सरकारी पगार जास्त. आता त्या शिक्षकाची नेमणूक कोण करणार? संस्था. आमच्या भागात लग्नाच्या पंगतीतसुद्धा 'अमक्याने मास्तरकीला किती भरले' हा विषय उघड चालायचा, तुम्हीही ऐकला असेल. सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर बिल एकाच्या खात्यावर आणि अ‍ॅडमिनचा पासवर्ड दुसऱ्याकडे. अशा सिस्टीममध्ये खोट्या नोंदी येणारच, त्याला माणसं मुळात वाईट असायची गरज नाही.

मोजणी झाली. पोरं कमी निघाली, त्यामुळे शिक्षक जास्त ठरले, 'अतिरिक्त' झाले. मग २ मे २०१२ ला सरकारने नवीन शिक्षकभरतीच बंद केली. आधी अतिरिक्त झालेल्यांना सामावून घ्या, मग बघू. नेमके त्याच उन्हाळ्यात आमचे गणिताचे सर निवृत्त झाले. मी दहावीत.

जूनपासून दिवाळीपर्यंत आम्हाला गणित शिकवायला कुणीही नव्हतं. चित्रकलेचे सर तासाला येऊन बसायचे, "शांत बसा, उदाहरणं सोडवा." आप्पा आणि अजून चार पालक मुख्याध्यापकांकडे गेले. ते म्हणाले, जागा भरणं संस्थेच्या हातात. संस्थेचे पदाधिकारी म्हणाले, भरतीला बंदी आहे, वर विचारा. वरच्या ऑफिसात सांगितलं, अतिरिक्त शिक्षक पाठवू. तो काही आला नाही. आप्पा घरी येऊन पानमळ्याच्या बांधावर बसले आणि म्हणाले, "शाळा नक्की हाय कुणाची? ज्याला इचारावं त्यो म्हणतो माझी न्हाय."

शेवटी पालकांनी वर्गणी काढली. बीएस्सी बीएड होऊन घरी बसलेल्या गावातल्याच एका मुलाला तासावर ठेवलं. मला दहावीला गणितात बरे मार्क पडले ते त्याच्यामुळे.

आप्पांचा तो प्रश्न डोक्यातून गेला नाही. इंजिनिअरिंग झालं, हिंजवडीत नोकरी लागली, तरी नाही. मग वाचायला लागलो आणि लक्षात आलं की हा प्रश्न निमगावचा नाहीच. तो १८५४ पासूनचा आहे.

त्या वर्षी लंडनहून कंपनी सरकारला एक लांबलचक खलिता आला. वुडचा खलिता म्हणून शाळेत आपण तो एका ओळीत पाठ केलेला असतो. त्यात अनुदानाची पद्धत सांगितली होती. लोकांनी शाळा काढावी, सरकार मदत देईल, पण काही अटींवर. धर्मनिरपेक्ष शिक्षण चांगलं दिलं पाहिजे, स्थानिक व्यवस्थापन जबाबदार पाहिजे, सरकारी तपासणीला दार उघडं पाहिजे आणि थोडी का होईना, फी घेतली पाहिजे. बघा, करारच आहे हा.

मग मुंबई इलाख्यात प्रश्न आला, की मदत किती द्यायची? उत्तर निघालं: निकालावर. इन्स्पेक्टर यायचा, पोरांची परीक्षा घ्यायचा आणि जितकी पोरं जितक्या विषयांत पास तितके पैसे. इंग्लंडमध्ये १८६२ पासून हेच चालू होतं. ऐकायला एकदम मॉडर्न वाटतं ना? परफॉर्मन्स लिंक्ड! झालं काय, तर मास्तर इन्स्पेक्टरसाठी शिकवायला लागले. जे विचारलं जाणार तेवढंच घोकून घ्यायचं, कच्च्या पोराकडे बघायचं नाही, कारण त्याच्यावर पैसा मिळणार नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, कर्झनच्या काळात, ही पद्धत मोडीत काढायचं ठरलं. आज कुणी म्हणालं की 'शाळांना निकालावर पैसे द्या, सगळं सुधारेल', तर त्याला एवढंच सांगा की हे आपल्याकडे करून झालंय.

मधे १८८२ ला हंटर आयोग आला. जोतीराव फुल्यांनी त्याच्यापुढे निवेदन दिलं. त्यांचा मुद्दा सरळ होता. शेतसारा रयत भरते आणि तो पैसा वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर जातो. आधी प्राथमिक शिक्षण द्या आणि बारा वर्षांपर्यंत सक्तीचं करा. आयोगाने शेवटी शिफारस काय केली? प्राथमिक शाळा स्थानिक बोर्डांकडे आणि माध्यमिक शाळा हळूहळू खासगी संस्थांकडे, अनुदानावर.

हे वाचलं तेव्हा मी अक्षरशः खुर्चीत सरळ बसलो. कारण आमच्या गावात हेच आहे! चौथीपर्यंत मी जिल्हा परिषदेच्या शाळेत होतो, पाचवीला संस्थेच्या हायस्कुलात गेलो. तुमच्याही गावात असंच असेल. का, ते कधी विचारलं नव्हतं. त्या जुन्या लोकल बोर्डांची जागा १९६२ ला जिल्हा परिषदांनी घेतली, पण मधली रेघ जवळपास तिथेच राहिली.

पण ही गोष्ट नुसती इंग्रजांच्या कागदांची नाही. पैसा सरकारचा असला तरी शाळा उभ्या केल्या त्या लोकांनी. १९१९ मध्ये कराड तालुक्यातल्या काले गावी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ ला ती साताऱ्याला आली. बोर्डिंगातल्या पोरांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. घराघरातून मूठ मूठ धान्य गोळा व्हायचं. जी बाई रोज पिठाच्या डब्यातून मूठभर बाजूला काढते, तिला शाळेत काय चाललंय हे विचारायचा हक्क आपोआप मिळतो. त्यासाठी कुठला कायदा लागत नाही.

आणि सरकारचा पैसा आला की सरकारचा हातही येतो, हेही रयतने बघितलं. गांधीजींच्या हत्येनंतरच्या काळात, राजकीय मतभेदातून, मुंबई सरकारने रयतचं अनुदान थांबवलं. वसतिगृहं चालवणं अवघड झालं. गाडगेबाबांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेरांकडे शब्द टाकला आणि ते पुन्हा सुरू झालं. ही गोष्ट गौरवाने सांगतात, आणि आहेच ती तशी. पण मला तिच्यातली दुसरी बाजू खुपते. ज्या संस्थेच्या मागे गाडगेबाबा नव्हते, तिचं काय?

पुढे शिक्षकांच्या पगाराचा भार सरकारने घेतला. ते आवश्यकच होतं, त्याआधी खासगी शाळेतल्या मास्तरांचे हाल होते. १९७७ चा खासगी शाळा कर्मचाऱ्यांचा कायदा आला. आता संस्थेला मनात आलं म्हणून शिक्षकाला काढता येत नाही, तो शाळा न्यायाधिकरणात जाऊ शकतो. संस्थेची नोंदणी आणि हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे. शाळेची मान्यता आणि पगार शिक्षण खात्याकडे. शाळा समितीत संस्थेची माणसं, मुख्याध्यापक आणि शिक्षकांचा प्रतिनिधी. एक जण राहिला, आला का लक्षात? मूठभर धान्य देणारी बाई या रचनेत कुठेच नाही.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने तिला आत आणलं. शाळा व्यवस्थापन समिती, तीन चतुर्थांश पालक, निम्म्या महिला. पण २०१२ च्या दुरुस्तीने अनुदानित शाळांमधल्या या समितीचं काम फक्त सल्ला देण्यापुरतं केलं. म्हणजे आमच्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत माझी चुलती समितीवर बसून शाळेचा आराखडा करू शकते, खर्चावर नजर ठेवू शकते. तिचंच पोरगं पाचवीला संस्थेच्या शाळेत गेलं की तिने फक्त सल्ला द्यायचा. आणि पोरगं नववीत गेलं, की तो कायदाच संपतो, कारण तो आठवीपर्यंतचा. माझं गणित बुडालं ते दहावीत.

आता जरा बाहेर बघू. अमेरिकेत मिनेसोटा राज्याने १९९१ मध्ये चार्टर शाळांचा कायदा केला आणि १९९२ ला सेंट पॉल शहरात पहिली शाळा सुरू झाली. पैसा सरकारचा, फी नाही, अर्ज जास्त आले तर सोडत. चालवणारं मंडळ वेगळं, आणि मिनेसोटाच्या पहिल्या कायद्यात तर त्या मंडळात शिक्षकांचं बहुमत हवं अशी अट होती. इथवर आपल्या अनुदानित शाळेसारखंच. फरक आहे तो चार्टर नावाच्या कागदात. त्यात लिहिलेलं असतं की शाळा काय करणार, कशावरून मोजायचं आणि किती वर्षांसाठी. साधारण तीन ते पाच वर्षांनी मंजुरी देणारी यंत्रणा तो कागद उघडते. जमलं असेल तर नूतनीकरण, नसेल तर शाळा बंद.

मला आधी हे फार आवडलं. सर्टिफिकेट एक्स्पायर होतं, रिन्यू करा, एकदम स्वच्छ. मग विचार केला, निमगावात हायस्कूल बंद झालं तर पोरी कुठे जाणार? एसटीने इंदापूरला? किती घरं पाठवतील? शहरात एक शाळा मिटली तर दुसरी असते, गावात बऱ्याचदा नसते. त्यामुळे बंद करायची धमकी आपल्याकडे उचलून आणण्यात अर्थ नाही. लिहिलेला कागद मात्र आणता येतो. पुणे आणि मुंबई महापालिकेच्या काही शाळा आकांक्षा फाउंडेशन अशा करारावर चालवतं, ते २००७ पासून. इमारत पालिकेची, शिकवायची जबाबदारी संस्थेची, कोण काय करणार हे लिहून.

आपल्या अनुदानित शाळेत सगळी कडक तपासणी दारात होते, शाळा काढताना आणि तुकडी मंजूर करताना. एकदा आत गेलं की मोजायचं काय, तर डोकी. म्हणून घोटाळेही डोक्यांचेच होतात. २०११ ला पोरं बोगस निघाली. २०२५ ला नागपूरचं शालार्थ प्रकरण बाहेर आलं, त्यात नियमबाह्य नेमणुकांना बोगस आयडी देऊन सरकारी पगार काढल्याचं समोर आलं आणि खात्यातल्याच अधिकाऱ्यांना अटक झाली. पोरांची शाईने मोजणी झाली, शिक्षकभरती पवित्र पोर्टलवर गेली, पगार ऑनलाइन झाला. दर वेळी नवं लॉगिन आलं. पण 'दहावीला गणित शिकवायला माणूस आहे का' हे कुणी तरी पालकाला लेखी सांगायला बांधील आहे, असं अजून कुठल्याही लॉगिनमध्ये नाही.

हे सगळं आता का आठवलं ते सांगतो. आमच्या दहावीच्या २०१३ च्या बॅचचा ग्रुप आहे. दिवाळीत ठरलं, शाळेला पैसे द्यायचे, मुलांसाठी कॉम्प्युटर घ्यायचे. रक्कम बरी जमली. मग प्रश्न आला, चेक कुणाच्या नावाने? एक जण म्हणाला संस्थेच्या, एक म्हणाला मुख्याध्यापकांच्या हातात, एक म्हणाला पालक-शिक्षक संघ. ग्रुपवर दोन दिवस भांडण. दोघे लेफ्ट झाले, नंतर परत आले.

शेवटी आम्ही एक पानी कागद केला, मराठीत. पैशातून काय घेणार, त्याची देखभाल कोण करणार, वर्षातून दोनदा पालकसभेत त्याचा हिशेब कोण वाचून दाखवणार आणि कॉम्प्युटर शिकवणारी व्यक्ती सोडून गेली तर किती दिवसांत पालकांना कळवणार. खाली तीन सह्यांच्या जागा: संस्था, मुख्याध्यापक, पालक. आप्पांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "पालकाची सही वर घे. खाली ऱ्हायली तर फोटोकॉपीत कापली जाती."

वर घेतली. मुख्याध्यापकांनी सही केली, "असलं कुणी मागितलं नव्हतं आजवर" म्हणत का होईना. पालकांच्या वतीने एका ताईंनी केली, त्यांची मुलगी सातवीत आहे. कागद सध्या संस्थेच्या ऑफिसात आहे आणि पैसे आमच्याकडे. उत्तर आलं की सांगतो.