चेंडूमागे धावा

तुमचं वय अकरा. साल 1943, ऐन उन्हाळा. ल्योंहून निघालेल्या आगगाडीत खिडकीला नाक लावून तुम्ही मनातल्या मनात स्वतःचं नाव घोकताय. ते मिळून आठवडाही झालेला नाही. शर्टाच्या कॉलरीत आईने टाचलेली नावाची पट्टी काल एका ताईंनी उसवून काढली. दोऱ्याची बारीक भोकं तेवढी उरली आहेत, बोट फिरवलं की कळतात. गेल्या ऑगस्टात फ्रेंच पोलिसांनी आईवडिलांना नेलं. ते कुठे आहेत, हे विचारायचं नाही. घरची भाषा बोलायची नाही. कुणी हटकलंच तर सांगायचं, सुट्टीच्या शिबिराला चाललोय.

डब्यात तुमच्यासारखीच आणखी मुलं आहेत आणि दाराशी पी.टी.चे सर. सोनेरी केस, निळे डोळे, कसलेलं अंग. तपासनीस आला की सर त्याच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारतात आणि तुमच्याकडे वळून ओरडतात, "अरे, जरा गप्प बसा की!" एवढं ऐकलं की तुम्ही खरोखरच सहलीला निघालेली कार्टी वाटता.

सरांचं नाव जॉर्ज ल्वांजे. स्ट्रासबुर्गच्या ज्यू घरातला मुलगा. शिकला इंजिनिअरिंग, पण हिटलरचा जोर वाढू लागला तसा ज्यू मुलांची अंगं कणखर करायला व्यायामशिक्षक झाला. युद्धात फ्रेंच सैन्यात भरती झाला, 1940 मध्ये पकडला गेला आणि बव्हेरियातल्या युद्धकैद्यांच्या छावणीत पोचला. हा गोरागोमटा कैदी ज्यू असेल, असं तिथल्या जर्मनांच्या मनातही आलं नाही. तिथून तो निसटला, फ्रान्समध्ये परतला आणि ओ.एस.ई. या ज्यू बालकांसाठी झटणाऱ्या संस्थेत दाखल झाला. वसतिगृहांमधून मुलांच्या धावण्याच्या शर्यती घ्यायचा. त्या शर्यतींचा उपयोग आज होणार आहे.

आनमास. स्वित्झर्लंडच्या हद्दीला चिकटलेलं गाव, जिनिव्हा हाकेच्या अंतरावर. हा मुलूख सध्या इटालियन सैन्याच्या ताब्यात आहे आणि ते ज्यूंच्या मागे हात धुऊन लागलेले नाहीत. गावचे महापौर झाँ देफो सगळं जाणून आहेत. त्यांच्याच मदतीने तुमची रात्रीची सोय होते.

दुसऱ्या दिवशी सर तुम्हाला मैदानावर नेतात. मैदानाच्या एका अंगाला सीमा आहे, हे मोठ्या मुलांना ठाऊक आहे, लहानग्यांना नाही. खेळ सुरू होतो. घाम येतो, गुडघे मातीने माखतात, कुणी पडून रडतंसुद्धा. पाहणाऱ्याला यात वावगं काही दिसत नाही. मग सर चेंडू उचलतात आणि अंगातला सगळा जोर लावून सीमेच्या दिशेने भिरकावतात.

"पळा! आणा तो!"

तुम्ही पळता. गवत, मग उतार, मग चेंडू दिसेनासा होतो आणि तुम्ही तरीही पळताच. मागे पावलं वाजताहेत ती मुलांचीच. सरांची नाहीत.

ते येणार नव्हतेच. या साऱ्या हकिकतीत मला सर्वांत जड वाटतं ते हेच. स्विस सरकारने 1942 मध्ये हद्द बंद केली होती. सोळा वर्षांखालचं मूल एकटं आलं तर त्याला सहसा माघारी धाडत नसत, मोठ्या माणसाला मात्र तो भरवसा नव्हता. म्हणजे मूल वाचवायचं तर त्याचा हात सोडावा लागे. शत्रूच्या कैदेतून पळून आलेला हा सैनिक दर खेपेला सुटकेच्या दारापर्यंत जाई आणि पाठ फिरवून पुढच्या मुलांना आणायला निघे. शस्त्राने मुलांचा जीव राखला असता तर सोपं गेलं असतं, असं मला मनापासून वाटतं.

मुलांना धीर द्यायला ल्वांजेंच्या नात्यातला एक विशीतला तरुणही होता, मार्सेल. तोंडातून शब्द न काढता नुसत्या हावभावांनी तो मुलांना हसवायचा आणि शांत ठेवायचा. मूकाभिनयाचा बादशहा मार्सेल मार्सो तो हाच.

सप्टेंबर 1943 मध्ये इटालियन गेले, जर्मन आले आणि चेंडूचा खेळ बंद पडला. आता पैसे घेऊन वाट दाखवणारे वाटाडे, रात्रीची वेळ, तारांखालून सरकणं. ऑक्टोबरात मिला रासिन ही तरुणी मुलांना नेताना पकडली गेली. ती परतली नाही. मे 1944 च्या अखेरीस मारियान कोन तीसेक मुलांसह सापडली. तिला तुरुंगातून पळवण्याची तयारी देफोंनी दाखवली होती. आपण गेलो तर मुलांवर सूड उगवतील म्हणून ती नाही म्हणाली. जुलैत तिला ठार मारलं. वय अवघं एकवीस. तिची सगळी मुलं वाचली.

ल्वांजेंच्या हातून निदान 350 मुलं पलीकडे पोचली असं मानतात. त्यांनी स्वतःच्या बायकोला आणि दोन मुलांनाही सीमेपार धाडलं, तेही 1944 उजाडल्यावर, इतरांची शेकडो मुलं पोचवून झाल्यानंतर. पुढे 108 वर्षं जगून डिसेंबर 2018 मध्ये ते गेले.